खळ्याचा फोटो कुणी काढला?

वाशीम जिल्ह्यात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी सुरू होते. वावरात सुड्या लागतात, मळणी यंत्र धुऱ्याजवळ येऊन उभे राहते, काही तासांत पोत्यांची थप्पी लागते आणि ट्रॅक्टर बाजार समितीच्या वाटेला लागतो. आज पंचविशीत असलेल्या मुलाला सुगी म्हटले की हेच डोळ्यांसमोर येते. त्याच्या आजोबांना दुसरेच काही आठवते: ज्वारीची कणसे, शेणाने सारवलेले खळे, मधोमध रोवलेला तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात आणि वारा सुटायची वाट पाहत उफणणीला उभा राहिलेला माणूस. एका पिढीच्या आत, मुख्यतः १९९० नंतर, या पट्ट्यात ज्वारी आणि कपाशी मागे सरली, सोयाबीन पुढे आले आणि खळे गेले. आता घरोघरचे जुने अल्बम आठवून पाहा. बारसे आहे, लग्न आहे, शाळेचा ग्रुप आहे, पोहरादेवीची यात्रा आहे, वाशीमच्या बालाजी मंदिरासमोर ओळीने उभे राहिलेले कुटुंब आहे. खळे मात्र क्वचितच सापडेल. कॅमेरा नव्हता हे कारण पुरेसे नाही, कारण बारशाला तो होता. खळ्यावर तो कुणी नेला नाही, कारण खळे दरवर्षीचे होते. दरवर्षी होणाऱ्या गोष्टीचा फोटो पुढच्या वर्षीही काढता येईल असे वाटत राहते, आणि एके वर्षी ती गोष्टच होत नाही.

वऱ्हाडाच्या फोटोंचा इतिहास आधीपासूनच असा एकांगी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅमेरा हाती घेतला आणि १८६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रांत वाशीमच्या शेजारच्या लोणारची देवळेही आली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या, १९३१मध्ये निघालेल्या ग्रंथात वऱ्हाडातली हेमाडपंती देवळे नोंदवली. या दोघांचे उपकार मोठे आहेत. पण देवळाच्या पायरीशी उभा असलेला माणूस त्यांच्या फोटोत असलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून असे. कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचेही तेच झाले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी, तिचे १९९४पर्यंत धावलेले वाफेचे इंजिन, यांचे फोटो देशोदेशीच्या रेल्वेप्रेमींनी काढले. त्या गाडीने माहेरी जाणारी बाई, टपावर बांधलेला भारा, कारंजा स्टेशनाबाहेरचा चहावाला यांच्याकडे कॅमेरा वळला तो फारच कमी वेळा. बाहेरून येणाऱ्याला नवल दिसते, तेच तो टिपतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. रोजचे टिपायचे तर ते रोज तिथे राहणाऱ्यानेच टिपायला हवे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. योगायोग असा की, साध्या फिल्म कॅमेऱ्याच्या भारतातल्या सुगीची ती शेवटची वर्षे होती. त्याआधीच्या पिढीत बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक-३ होता. एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा, जवळजवळ खेळण्यासारखा. १९८०च्या दशकात हॉट शॉट आला, याशिका एमएफ-२ आला आणि १९९०च्या दशकात कोडॅक केबी-१०. शिक्षक, बँकेतला कारकून, कृषी केंद्राचा मालक, दुबईला गेलेला भाऊ अशा कुणाच्या तरी हातून हे कॅमेरे तालुक्याच्या गावात पोचले. रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा, आठवड्याने कॉपी आणायच्या, निगेटिव्ह पाकिटातच राहू द्यायच्या. नव्या जिल्ह्याची पहिली चार-सहा वर्षे या कागदांवर आहेत. त्यानंतर डिजिटल कॅमेरा आणि मग फोन आला. फोटोंची संख्या अफाट वाढली, पण त्या वाढीतून हाताशी राहिले काय, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की, गावाने आपल्या रोजच्या जगण्याची नोंद स्वतः ठेवायची असेल, तर बटण दाबायचा तो साधा फिल्म कॅमेरा आजही फोनपेक्षा सरस साधन आहे. आणि वाशीमसारख्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांनी असा एकेक कॅमेरा ठेवून तो सतत चालता ठेवावा.

'साधा' हा शब्द इथे नेमक्या अर्थाने घ्यायचा आहे. केबी-१०सारख्या कॅमेऱ्यात फोकस फिरवायचा नसतो, वेग निवडायचा नसतो. भिंगाचे छिद्र लहान आणि भिंग थोडे रुंद पल्ल्याचे ठेवले की दीड-दोन मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सगळे बऱ्यापैकी रेखीव येते. कारखान्यात हे गणित एकदा करून भिंग कायमचे बसवलेले असते. शटर एकाच वेगाला उघडते. सेल लागतात ते मुख्यतः फ्लॅशसाठी. उजेड कमी-जास्त झाला तर काय, याचे उत्तर कॅमेऱ्यात नसून फिल्ममध्ये आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्म गरजेपेक्षा बराच जास्त उजेडही सहज पचवते; कमी उजेड मात्र तिला सोसत नाही, फोटो मातकट येतो. म्हणून १०० किंवा २०० क्रमांकाची फिल्म आणि वऱ्हाडातले ऊन ही जोडी चांगली जुळते. वर्षातले आठ महिने इथे उजेडाची ददात नसते. घराच्या आत, परसात सावलीला, देवळाच्या गाभाऱ्यात फ्लॅश लागतो आणि तोही तीनेक मीटरपर्यंतच पोचतो. एवढे तीन-चार नियम कळले की शिकण्यासारखे फारसे उरत नाही. साठीतल्या ग्रंथपालाला आणि आठवीतल्या मुलीला तो सारखाच वापरता येतो. कॅमेऱ्याकडे लक्ष द्यायचे नसले की लक्ष समोरच्या माणसाकडे जाते. रोजच्या जगण्याचा फोटो तिथेच घडतो किंवा बिघडतो.

आता एका रोलमधल्या छत्तीस फोटोंची गोष्ट. फिल्मच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण म्हणतात की, मोजकेच फोटो असल्यामुळे माणूस विचार करून बटण दाबतो. ते खरे आहे, पण मला त्याहून महत्त्वाची एक दुसरी बाब वाटते, आणि ती फारशी बोलली जात नाही. निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच आकडे उमटवलेले असतात: १, १अ, २, २अ असे शेवटपर्यंत. त्यामुळे कुठला फोटो आधी काढला आणि कुठला नंतर, हा क्रम कुणालाही बदलता येत नाही. एक रोल मृगाच्या पेरणीला चढवला आणि पोळ्यानंतर संपवला, तर त्या पट्टीवर एक अख्खा पावसाळा क्रमाने बसलेला असतो. तिफण, मग डवरणी, मध्येच शाळेचा पंधरा ऑगस्ट, मग तणनाशकाचा पंप पाठीवर घेतलेला माणूस, मग पोळ्याची बेगड. अल्बममध्ये जे निवडून लावतात त्यात ही संगत हरवते. पट्टीवर ती टिकते. तलाठ्याच्या दप्तरातल्या फेरफारासारखे तिचे स्वरूप आहे, एकाखाली एक, तारखेच्या ओघाने. फोनमध्येही तारीख असते हे मान्य. पण फोनमधला फोटो त्या तारखेसह निघतो आणि व्हॉट्सॲपवरून तीन जणांकडे फिरेपर्यंत ती तारीखही झडते आणि त्याचा तपशीलही विरतो. पन्नास वर्षांनी कुणी विचारले की हा पूल बांधण्याआधीचा फोटो की नंतरचा, तर पट्टीवरचा शेजारचा फोटो साक्ष देतो.

टिकाऊपणाचा मुद्दा भावनेवर सोडू नये, त्याला दाखले आहेत. १८९७मध्ये सॉलोमन आंद्रे हा स्वीडिश संशोधक बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि बेपत्ता झाला. १९३०मध्ये एका बर्फाळ बेटावर त्याच्या पथकाचा मुक्काम सापडला, तेव्हा सोबतच्या फिल्म तेहतीस वर्षे बर्फात पडलेल्या होत्या; तरीही त्यांतून ९३ फोटो धुऊन काढता आले. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिवियन मायर या बाईने रस्त्यावरच्या साध्या माणसांचे एक लाखाहून जास्त फोटो काढले आणि ते जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७मध्ये भाडे थकलेल्या गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला म्हणून ते जगाला कळले. कुणी सांभाळले नाही, कुणी पासवर्ड लिहून ठेवला नाही, तरी फोटो उरले, कारण ते खोक्यात ठेवता येणारी वस्तू होते. याच्या शेजारी अलीकडची उदाहरणे ठेवा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. फोटो उतरवून घ्यायला दोन वर्षांची मुदत होती, ज्यांना ती कळली नाही त्यांचे गेले. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९मध्ये सांगितले की, लोकांनी बारा वर्षे साठवलेली गाणी आणि फोटो सर्व्हर हलवताना नष्ट झाले. गूगलने १ जून २०२१पासून फोटोंची मोफत अमर्याद साठवण बंद केली, आणि दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण २०२३च्या डिसेंबरपासून लागू केले. या कंपन्या वाईट आहेत असा आरोप करायचा नाही. मुद्दा एवढाच की, डिजिटल फोटो टिकायला कुणीतरी दर काही वर्षांनी काहीतरी करत राहावे लागते: पैसे भरणे, प्रती काढणे, नव्या यंत्रात नेणे. गावातला माणूस वारला की त्याच्या फोनचे कुलूप कुणालाच उघडत नाही. लोखंडी कपाटातले पाकीट मात्र सून उघडू शकते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: आंद्रेच्या फिल्मला बर्फ मिळाला, वाशीममध्ये मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो. उष्णता फिल्मची वैरी आहे. रंगीत फिल्ममधले रंग काळाने उडतात, विशेषतः उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत. जुन्या अल्बममधले फोटो लालसर-पिवळे झाले आहेत ते त्यामुळेच. पावसाळ्यात निगेटिव्हला आणि भिंगाला बुरशी धरते. म्हणून फिल्म म्हणजे अमरपट्टा असे मी म्हणणार नाही. पण हा ऱ्हास हळूहळू होतो, डोळ्यांना दिसतो आणि त्याला उपाय आहे. न वापरलेला रोल फ्रिजमध्ये, वापरलेला रोल शक्य तितक्या लवकर लॅबकडे, धुतलेल्या निगेटिव्ह कागदी पाकिटात, खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. एवढे केले तरी एक आयुष्य निघते. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र चांदीच्या कणांचे असते, रंगांचे नसते, त्यामुळे ती नीट धुतली तर कितीतरी जास्त टिकते. इथे हवामानाचा एक उलटसुलट हिशेब आहे. रंगीत निगेटिव्ह धुण्याची जगभरची सी-४१ पद्धत ३८ अंशांच्या रसायनाची आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी आपोआप त्याच्या आसपास असते. कृष्णधवल फिल्मला साधारण २० अंशांचे रसायन लागते, त्यासाठी उन्हाळ्यात बर्फ आणावा लागेल, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे पाणी जवळजवळ तयारच असते. शाळेच्या प्रयोगशाळेत हिवाळ्यात कृष्णधवल रोल धुणे हा रसायनशास्त्राचा उत्तम धडा होऊ शकतो, आणि त्याला लागणारे सामान म्हणजे एक बंद टाकी, तीन बाटल्या आणि एक तापमापी.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज छत्तीस फोटोंचा साधा रंगीत रोल हजार रुपयांच्या आसपास पडतो. धुण्याचे आणि स्कॅन करण्याचे आणखी पाचशेच्या घरात, शिवाय कुरिअर, कारण फिल्म धुणाऱ्या लॅब आता मोठ्या शहरांतच उरल्या आहेत. म्हणजे एका फोटोला चाळीस-बेचाळीस रुपये. शेतमजूर कुटुंबाने हा छंद करावा असे सुचवणे क्रूरपणाचे ठरेल. म्हणूनच मी वैयक्तिक छंदाबद्दल बोलत नाही, सामायिक कॅमेऱ्याबद्दल बोलतो. तीन महिन्यांना एक रोल धरला तर वर्षाला चार रोल, १४४ फोटो, खर्च सहा हजार. अर्ध्या चौकटीचा कॅमेरा घेतला तर त्याच पैशांत दुप्पट फोटो. ऑलिंपसने १९५९मध्ये पेन या कॅमेऱ्याने ही कल्पना लोकप्रिय केली आणि गेल्या काही वर्षांत कोडॅकच्या नावाचा एच-३५ आणि २०२४मध्ये पेंटॅक्स-१७ या रूपाने ती परत आली आहे. शासनमान्य 'ड' वर्गाच्या वाचनालयाची ओढाताण मला ठाऊक आहे. वर्तमानपत्रांची बिले आणि ग्रंथपालाचे तुटपुंजे मानधन यातच अनुदान संपते. तरी गावातल्या चार सुस्थितीतल्या घरांनी एकेक रोल आपल्या माणसाच्या पुण्यतिथीला किंवा मुलाच्या वाढदिवसाला वाचनालयाला दिला, तर वर्ष भागते. कॅमेरा विकत घेण्याची तर गरजच नाही. गावात दहा कपाटे उघडली तर एकात तो निघेलच, बहुधा सेलने पाझरलेला, मागच्या झाकणाच्या कडेचा फोम भुरभुरलेला. सेलची जागा व्हिनेगरने पुसावी, कडेला काळी चिकटपट्टी लावावी, आणि पहिला रोल चाचणीचा समजावा. रोल चढला की नाही हे बघण्याची जुनी खूणही सांगून ठेवतो: पुढे सरकवताना गुंडाळायची कळ उलटी फिरली पाहिजे, ती स्थिर राहिली तर छत्तीस फोटो हवेत गेले.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याचा कॅमेरा केबी-१०पेक्षा शंभर पटींनी तल्लख आहे. मग वर्षाला १४४ फोटो निवडून कागदावर का काढू नयेत? स्टुडिओत एका कॉपीला दहा-पंधरा रुपये पडतात, कागद तेवढाच टिकतो. याला माझे उत्तर असे की, जे गाव हे खरोखर करील त्याने फिल्मच्या वाटेला जाऊच नये. त्याला माझा नमस्कार. पण गेल्या पंधरा वर्षांत हे कुणी केले? आठ हजार फोटोंतून १४४ निवडणे हे काम कंटाळवाणे असते, कुणाच्याच अंगावर पडत नाही, आणि पुढच्या रविवारवर ढकलले जाते. फिल्ममध्ये निवड बटण दाबण्याआधीच होऊन गेलेली असते. नंतर उरते ते फक्त रोल पाठवणे, आणि रोल संपला की तो डोळ्यांसमोर पडून राहतो, पाठवा म्हणतो. माणसाच्या आळसाचा हिशेब धरून जे साधन घडले आहे, तेच अशा कामाला चालते. शिवाय फोन आता जे दाखवतो ते पूर्णपणे समोरचे असतेच असे नाही. तो अनेक चौकटी एकत्र करून एक चित्र बनवतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसतो, सावळा रंग उजळतो. उन्हात राबलेल्या चेहऱ्याची नोंद ठेवायची आणि त्यावरून यंत्राने हात फिरवायचा, हे या कामाच्या मुळावर येणारे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने हवे ते दृश्य बनवता येण्याच्या काळात, ज्यावर त्या दिवशीचा उजेड प्रत्यक्ष पडला होता अशी एक पट्टी गावाच्या कपाटात असणे मोलाचे आहे. फिल्मवरही खोटा प्रसंग उभा करता येतो, हे खरे; पण तो उभा करायला निदान माणसे जमवावी लागतात.

फॅशनचा आक्षेप मात्र मी थोडक्यात बाजूला ठेवतो. शहरांत फिल्मची लाट आली आहे, १९९७चा ऑलिंपस म्यू-२ भलत्या किमतीला विकला जातो, तरुण मुले दाणेदार रंगांसाठी फिल्म वापरतात. त्यांना ते खुशाल करू द्यावे. त्यांच्यामुळेच फिल्म अजून बनते. आपल्याकडे ती बनत नाही, ही खंत खरी. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७पासून 'इंदू' नावाने फिल्म आणि कागद तयार होत असे; तो बंद पडला आणि आज प्रत्येक रोल आयात होतो. उद्या आयात महागली तर हा सगळा बेत कोलमडू शकतो, हे मान्य करूनच तो मांडतो आहे. मान्य करण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून येते. कारंजा आणि शिरपूर ही जैनांची मोठी ठिकाणे असलेल्या जिल्ह्यात काहींना हे खटकेल, आणि त्यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. ज्यांना नको त्यांनी फोनवर काढून कागदावर उतरवावे. धुण्याची रसायने विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नयेत, वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते; थोड्या रोलांसाठी ती रसायने बाटलीत साठवून मोठ्या लॅबकडे देणे हाच मार्ग.

या सगळ्या आक्षेपांपेक्षा मला एक वेगळीच गोष्ट छळते: कॅमेरा कुणाच्या हातात होता? १९९०च्या दशकातले जे फोटो उरले आहेत ते पगारदारांच्या आणि दुकानदारांच्या घरचे आहेत. मजुराच्या घरात, तांड्यावर, पारध्यांच्या बेड्यावर कॅमेरा नव्हता. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाचे मोठे संग्रहालय उभे राहिले आणि ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तिथे पेहराव आहे, नगारा आहे, इतिहास आहे. पण १९९५मधल्या एखाद्या तांड्यावर ऊसतोडीला निघताना घर कसे आवरले जाई, याचे चित्र त्या तांड्यानेच काढलेले असते तर त्याची जागा दुसरे काही घेऊ शकले नसते. हे स्वप्नरंजन नाही. वेंडी ईवाल्ड या अमेरिकी छायाचित्रकार शिक्षिकेने १९७५च्या सुमारास केंटकी राज्यातल्या गरीब डोंगरी भागात शाळकरी मुलांच्या हाती इन्स्टमॅटिक हा सर्वांत साधा कॅमेरा दिला. मुलांनी स्वतःची घरे, आजारी आजी, कोंबड्या, स्वप्ने टिपली आणि १९८५मध्ये त्यांचे पुस्तक झाले. आजही ते त्या भागाचे आतून पाहिलेले चित्र म्हणून वाचले जाते. काठमांडूत २०११पासून नेपाळ पिक्चर लायब्ररी घराघरांतले जुने फोटो आणि निगेटिव्ह गोळा करते आहे, आणि आपल्या शेजारी देशाच्या सामाजिक इतिहासाची एक नवी बाजू त्यातून उभी राहिली. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, तेव्हा शहराने रोज पाहून न पाहिलेली माणसे पहिल्यांदा समोर आली. ओलवे हे सिद्धहस्त कलावंत आहेत, प्रत्येक गावाला तसा मिळणार नाही. साधा कॅमेरा आणि फिरती पाळी एवढे मात्र प्रत्येक गावाला परवडेल: हा महिना तांड्याचा, पुढचा महिना आशाताईंचा, त्यानंतर आठवीच्या वर्गाचा.

पाळीसोबत एक रजिस्टर हवे. कुठल्या आकड्याचा फोटो कुठे, कधी, कुणाचा, हे त्याच दिवशी लिहायचे. सहा महिन्यांनी आठवत नाही. ज्याचा फोटो त्याला आधी विचारायचे, आणि रोल धुऊन आला की त्याला एक कॉपी द्यायची. पूर्वी स्टुडिओवालाही एवढे करत असे. बाईने नको म्हटले तर बटण दाबायचे नाही. लग्नाच्या वयाच्या मुलींचे फोटो गावभर फिरतील ही भीती फोनने घातली आहे, आणि पाकिटात राहणारी निगेटिव्ह तेवढ्यापुरती तरी सुरक्षित आहे. स्कॅन झालेल्या प्रती जिल्हा ग्रंथालयात ठेवाव्यात, म्हणजे डिजिटलचा जो खरा फायदा, एकाच्या दहा प्रती करता येण्याचा, तोही हातचा जाणार नाही.

काय टिपायचे याची यादी बाहेरच्याने देऊ नये, तरी एक-दोन गोष्टींची घाई आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाला आणि तो महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला. शेलूबाजारच्या चौफुलीवर आज जी हॉटेले, पंक्चरची दुकाने आणि भूखंडांचे फलक आहेत, ती दहा वर्षांनी तशीच नसतील. अडाण आणि पैनगंगेच्या काठची मोटेची थारोळी ढासळत आली आहेत. शकुंतलेचे कारंज्याकडचे रूळ आज दिसतात तोवरच दिसतील. सोयाबीनचाही भरवसा धरू नये. जे ज्वारीचे झाले ते त्याचेही होऊ शकते, आणि मग सुडी, मळणी यंत्र आणि धुऱ्यावर बसून मजुरीचा हिशेब करणाऱ्या बाया यांचा फोटो कुणाकडे आहे असे विचारावे लागेल. पहिला रोल या दसऱ्याला सोंगणीवर न्यावा. शेवटच्या दोन चौकटी अनपेक्षित काही घडले तर असाव्यात म्हणून राखाव्यात. काही घडलेच नाही, तर त्या हंगामात कॅमेरा ज्याच्या हाती होता त्याला वाचनालयाच्या दारात उभे करावे, दुसऱ्या कुणी बटण दाबावे, आणि रजिस्टरमध्ये त्याचे नाव लिहावे.